शालीखालचा चार्जर

बोटीच्या बॅटरीला चार्जर कोणता घ्यावा, हे आख्ख्या उदगीर तालुक्यात कुणी सांगू शकत असेल तर तो मीच! बाकीच्यांचा बोटीशी संबंधच येत नाही, हा भाग वेगळा. माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकाला मी आधी ज्ञान देतो, मग माल.

यंदा ते ज्ञान घरीच वापरायची पाळी आली. माझ्या सासूबाई मल्लम्मा, मी त्यांना मामी म्हणतो, यांचं शेत तलावाच्या अलीकडं आणि त्यांची धाकटी बहीण बसम्मा हिचं बरोबर पलीकडं. दर येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मामी ज्वारीच्या पिठाचे उंडे आणि आंबील घेऊन एसटीनं वळसा घालून बहिणीकडं जायच्या. मग गुडघे गेले आणि एसटीची पायरी चढणं बंद झालं. तेव्हापासून सणाला दोघी बहिणी आपापल्या काठावर उभ्या राहून एकमेकींना पदर हलवून दाखवायच्या. ते बघून मलाच गलबलून यायचं.

"मामी, यंदा तुम्हाला बोटीनं नेतो," मी बोलून गेलो.

"खरंच न्हेताव का, जावई? का दुकानातल्यावानी बोलू लागलाव?"

झालं, इज्जतीचा सवाल! जुनी फायबरची बोट आणली, तिला बॅटरीवर चालणारी छोटी मोटार बसवली. चार्जर मात्र नवा कोरा. आमच्या बॅटरीच्या जातीला चालणारा, पाण्याचे शिंतोडे सोसणारा आणि जास्त तापला की आपोआप बंद होणारा. बायकोला, दामिनीला बजावलं, "बॅटरी बोटीतून बाहेर काढून, कोरड्या उघड्या जागी चार्ज करायची. वारा लागला पाहिजे."

"हाव, कळलं," ती म्हणाली. मामींना सांगायचं मात्र राहून गेलं.

येळवशीच्या सकाळी शेतातली लाईट आली तशी मी लिंबाखाली सगळी जोडणी केली. आधी बॅटरीला चिमटे, मग बटण. सगळं पद्धतशीर. वल्ही मी मुद्दाम घरी ठेवली होती. एवढा भारी चार्जर असताना वल्ही नेणं मला कमीपणाचं वाटलं. मग पाहुण्यांना आणायला गावात गेलो.

परत आलो तर कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, मांडलेल्या दगडी पांडवांची पूजा उरकली होती, मिश्र भाज्यांच्या भज्जीचा वास सुटला होता आणि बॅटरी-चार्जर लिंबाखालीच होते. फक्त दोघांना हळदी-कुंकू वाहिलेलं. कुंकवाचं बोट नेमकं चार्जरच्या दिव्यावर उमटलेलं, त्यामुळं दिवा चालू आहे का बंद तेच कळेना. पुसून बघावं तर समोर मामी. सणाच्या दिवशी सासूसमोर कुंकू पुसणारा जावई अजून जन्माला यायचाय. मी नुसता हात लावून बघितला. चार्जर गार.

"भरली," मी पाहुण्यांना ऐकवलं. "बॅटरी भरली की चार्जर गार पडतो. अनुभव लागतो याला."

मामींना इरकली लुगड्यावर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं. मांडीवर उंड्यांची परात, पायाशी आंबिलीचं मडकं. काठावर सगळे पाहुणे मोबाईल काढून उभे. बोट निघाली तशा मामींनी हात जोडले, आणि मी नवरदेवासारखा ताठ बसलो. तलावाच्या मध्यावर मोटारीचा आवाज बारीक होत गेला आणि थांबला.

"का थांबलाव?"

"बॅटरी उतरली वाटतं."

"म्हणलंच हुतं मी, थंडी बाधली तिला," मामी म्हणाल्या. "उघड्यावर गार वारं लागू लागलं. म्हणून तुमच्या मेव्हण्याला उचलाय लावली, चालूच्या चालू कोपीत पांडवापाशी ठिवली, वरून शाल पांघरली. पूजा झाल्यावर परत लिंबाखाली."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शालीखाली चार्जर तापला, स्वतःहून बंद पडला आणि मी येईपर्यंत गार झाला. बंद पडला नसता तर कोप पांडवांसकट पेटली असती. म्हणजे चार्जर निवडण्यात मी चुकलो नव्हतो. एवढं समाधान घेऊन मी पाण्यात बसून राहिलो.

"वल्ही कुठायत?"

"घरी."

समोरच्या काठावर बसम्मा मावशी पदर हलवत होती. मामींचे डोळे भरले. "एवढ्या जवळ येऊन बी पदरच हलवायचा का, जावई?"

माझा जीव अर्धा झाला. उंडे बाजूला काढून मी परातीनं पाणी मारायला लागलो. बोट जागच्या जागी गोल फिरली.

"आणा इकडं," मामी म्हणाल्या. बाजूला काढलेले उंडे माझ्या मांडीवर ठेवले आणि परात घेऊन एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं अशी मारू लागल्या की बोट सरळ निघाली.

"मामी, तुम्ही कशाला?"

"गुडघे गेलेत. हात कुठं गेलेत?"

पलीकडं दोघी बहिणी गळ्यात पडल्या. मध्ये ते नारिंगी जॅकेट, त्यामुळं मिठी पुरती बसेना. दोघी रडल्याही आणि हसल्याही. मावशीनं विचारलं, "बॅटरीची बोट लई भारी हाय म्हणं?"

"लई भारी," मामी माझ्याकडं न बघता म्हणाल्या. त्या क्षणी मला त्या माझ्या आईपेक्षा जवळच्या वाटल्या.

आंबील पिऊन झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "जावई, पुढल्या येळवशीला बी बोट पाहिजे."

"आणतो की!" माझी छाती फुगली.

"फकस्त त्येवढी बॅटरी काढून ठिवा. वल्हवताना लई जड लागती."