करवंदीच्या पानावरची घाण

एका जंगलात, बाळांनो, करवंदीच्या पानावर ठिपकी राहायची. ठिपकी म्हणजे नखाएवढी पतंगाची मादी. पंख पांढरे, त्यांवर राखाडी शिंतोडे. दिवसभर ती पंख मिटून पडून राही आणि हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी दिसे. शीट कोण खाणार? म्हणून तर तिचं कूळ टिकलं होतं.

त्या दिवशी तिच्या पोटात अंडी होती. अंधार पडला की ती घालायची. तोवर जगायचं, एवढंच तिला हवं होतं.

नेमकं त्याच दिवशी 'लख्ख जंगल अभियान' सुरू झालं.

अभियानप्रमुख माकडराव फडकं घेऊन पान न् पान पुसत आले. ठिपकीपाशी थबकले. त्यांनी नाक दाबलं.

"मी घाण नाही हो," ठिपकी न हलता पुटपुटली. "पतंग आहे."

"मग उडून दाखव."

वरच्या फांदीवर बुलबुलमावशी चोच पुसत बसल्या होत्या. "दाखव की गं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आम्हालाही कळू दे."

उडावं तर मावशींच्या पोटात, न उडावं तर फडक्यात. ठिपकी पानाला आणखी घट्ट चिकटली. माकडरावांनी फडकं उचललं.

तेवढ्यात खारूताई धापा टाकत आली. "साहेब, उद्घाटनाला वाघोबा आलेत. झाडू घेऊन उभे आहेत. फोटोवालाही तयार आहे. पण झाडायचं काय?"

माकडरावांनी चौफेर पाहिलं. सगळीकडे लख्ख. उद्घाटनाआधीच सफाई उरकण्याचा गाढवपणा आजवर कुठल्याच अभियानात झाला नव्हता.

"हलू नकोस," ते ठिपकीला म्हणाले. "तू घाणच आहेस."

"अहो, पण मी..."

"वाद नको. जंगलाला तुझी गरज आहे."

वाघोबांनी पानापासून वीतभर लांब झाडू धरला. फोटो निघाला. टाळ्या पडल्या. पुढल्या उद्घाटनाला हत्ती येणार होते, त्यानंतर गवा. मग करवंदीला कुंपण घातलं, मुंगसाचा पहारा बसवला.

बुलबुलमावशी जवळ आल्या की मुंगूस खेकसे, "सरकारी घाणीला चोच लावायची नाही."

अंधार पडला. ठिपकीनं निवांत अंडी घातली आणि थोड्या दिवसांनी समाधानानं डोळे मिटले. माकडरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण अंड्यांतून अळ्या निघाल्या, त्याही थेट शिटेसारख्या. आणि एक नव्हे, पानभर. अभियानाला मुदतवाढ मिळाली, माकडरावांना बढती.

तात्पर्य: आपण घाण नाही हे पटवून देत बसू नये, बाळांनो. खरं बोलणाऱ्यावर फडकं फिरतं. घाण म्हणून गप्प पडून राहणाऱ्याला पहारा मिळतो.