रघुकाका आणि जर्मनचा टोप

हळदीचं आमंत्रण आलं की आमच्या उरणकडचे लोक आधी मटण आहे का ते विचारतात. रघुकाका मांडवामागे जाऊन आचाऱ्याच्या टोपावर बोटाचं पेर आपटून बघतात. आवाज बद्द आला की "जर्मन हाय" असं जाहीर करतात आणि न जेवता घरी जातात.

जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. आमच्याकडे गावजेवणाचे सगळे टोप त्याचेच असतात. त्यामुळे काका गेली दोन वर्षं कुठेच जेवलेले नाहीत.

ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते, मी तिथेच विज्ञान शिकवते. घरं शेजारी शेजारी असल्यामुळे शाळा सुटली तरी माझा तास सुटत नाही. एकदा त्यांनी काळ्या पडलेल्या टोपात दिवसभर चिंचेचं पाणी ठेवून मला दाखवलं. टोप आतून लख्ख झाला होता.

"काळं कुठं गेलं, बाई?"

"पाण्यात."

"आनी हा रस्सा असता तर?"

मी रीतसर समजावलं. आतडं यातलं फार थोडं आत घेतं. जे रक्तात उतरतं तेही बहुतेक सगळं मूत्रपिंडं बाहेर काढतात. चहाच्या झाडाचं तर याच्यामुळे काहीच बिघडत नाही. ते मातीतून हे ओढून घेतं आणि जुन्या पानांत साठवून ठेवतं, तरी हिरवंगार असतं.

"झाडाला पानं गालता येतात," काका म्हणाले. "मानसानं काय गालावं?"

वादात मागे पडणं मला मुळीच आवडत नाही. धडधाकट माणसानं घाबरायचं कारण नाही, असं मी जरा चढ्या आवाजात म्हटलं.

"धडधाकटांचं तुमी बगा," ते म्हणाले. "माज्या घरात एक हाय, तिचं मी बगतो."

मला लाज वाटली. त्यांची बायको, यमुनाकाकी, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांच्या अंगात हे साचून राहतं, भांडी बदला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांनी घरातली बदलली. गावाची बदलेनात. म्हणून काकी दोन वर्षांत पंगतीला बसली नव्हती. ज्या बाईनं अख्ख्या गावाला वाढलं, ती ओटीवर बसून डीजे ऐकायची.

मग काकांच्या पुतणीची हळद आली. काका मांडवात गेले ते मातीची तवली आणि सरपण घेऊनच. आचाऱ्याच्या भट्टीशेजारी त्यांनी तीन दगड मांडले. आचारी रुसला, ते एक वेळ चाललं असतं. पण धाकटा भाऊ धावत आला. एका मांडवात घरच्यांनीच दुसरी चूल पेटवायची म्हणजे घर फुटलं असं आमच्याकडे समजतात, आणि तेही पाहुण्यांसमोर.

"दादा, लोकं काय बोलतील? वेगला झालास काय?"

"काड मला वेगला," काका म्हणाले. काडी ओढलेलीच होती. "पन तिचं पान मांड."

भाऊ तणतणत निघून गेला. काकांनी चुलीला फुंकर घातली. मीही उगाच लाकडं पुढे सारत बसले, कारण आता मी त्यांच्या बाजूची होते. बोयट माशाचं आंबट कालवण शिजलं. चिंच बेताची, मीठ नावाला, डॉक्टरांच्या मापात. काकीला बायकांच्या पंगतीत बसवलं आणि काका तवली घेऊन तिच्यासमोर उकिडवे बसले. पुरुषमाणूस तिथे बघून बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

मी हळूच म्हटलं, "काका, जिंकलात. आता तरी गावावरचा राग सोडा."

"गावावर कोन रागावलंय?" ते तवलीकडेच बघत म्हणाले. "ही मिठागरावर जायाची, म्हनून घरी रस्सा मी करायचो. वीस वर्सं. जर्मनच्या टोपात. तो टोप बी मीच आनलेला."

मी काही बोलायच्या आत काकीच बोलली. "डॉक्टरला मी इचारलं व्हतं, तुमच्यासमोर. साखरेनं झालं बोलला, टोपानं न्हाय. त्याचं पटत न्हाय तर माजं तरी ऐका."

काकांनी तवली पुढे सरकवून तिला वाढलं. काकी खाली मान घालून सावकाश जेवत राहिली. आंबट तिच्या हनुवटीवर ओघळलं, तसं काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि सगळ्या पंगतीसमोर तिचं तोंड पुसलं. मांडवाच्या खांबाशी भाऊ उभा राहून बघत होता. काकांनी त्याला पाहिलं, पण हात मागे घेतला नाही.