दमा, गाजरं आणि खिडकीसमोरचं कपाट

ज्या प्रश्नाचं उत्तर सोपं असतं, त्यासाठी समिती नेमावीच लागते. नाहीतर तो लगेच सुटतो. आमच्या कार्यालयाने हे तत्त्व इतक्या निष्ठेने पाळलं आहे की बावीस वर्षांत एकही प्रश्न हातचा गेलेला नाही.

तळमजल्यावरच्या रेकॉर्ड खोलीतल्या कारकुनाला दमा आहे. खोलीला एक खिडकी आहे, खिडकीसमोर फायलींचं कपाट आहे, आणि फायलींवर धूळ आहे (तिला आवक क्रमांक देण्याचं विचाराधीन आहे). कपाट हलवून खिडकी उघडावी, असा अर्ज कारकुनाने केला. नेमकं त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांच्या वाचनात आलं, की दम्यात अ जीवनसत्त्वाची काही भूमिका असू शकेल. 'असू शकेल' या शब्दांना आमच्याकडे फार मान. त्यांना कुणी नाही म्हणू शकत नाही, आणि कपाट हलवायला चार माणसं लागतात.

अर्ज समितीकडे आला. मी समितीचा सचिव. कारकुनाला रोज दोन गाजरं सुरू झाली आणि आम्ही तीन महिने कसून मोजमाप केलं. गाजरं एकशे ऐंशी, पोचपावत्या तितक्याच, बैठका चौदा (पैकी दोन गाजरांच्या जाडीवर). श्वास तेवढा मोजायचा राहून गेला, कारण तो तळमजल्यावर होता आणि बैठका तिसऱ्या मजल्यावर.

शेवटच्या बैठकीला कारकुनाची बायको आली. तो स्वतः पहिल्याच जिन्यात धापा टाकत बसला होता. पूर्वी महिन्याला एक पंप पुरायचा, आता दोन लागतात, असं तिने शांतपणे सांगितलं. गाजरांनी काहीच फरक नाही का, असं साहेबांनी आपुलकीने विचारलं.

"आहे ना," ती म्हणाली. "आता त्यांना धूळ लांबूनसुद्धा दिसते."

ही प्रगती एकमताने नोंदवून अर्ज निकाली काढण्यात आला. अहवालाच्या चार जाड प्रती निघाल्या. कपाटात जागा नव्हती, म्हणून कपाटामागे खिडकीची जी फट उरली होती तिथे मीच त्या कोंबल्या. चपखल बसल्या. खरं सांगतो, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, काय माणसं आहेत ही! पण खरं सांगा. एका माणसाचा जीव गुदमरतोय हे तुम्हाला केव्हाच कळलं होतं, तरी मघापासून तुमच्या मनात घोळतंय ते एवढंच, की गाजरं कच्ची द्यायची होती की उकडून.

समितीत एक जागा रिकामी आहे. तुमचं नाव मी सुचवलं आहे.