जुन्या ट्रॅक्टराचे स्टिअरिंग दुरुस्त केले, त्याची हकिकत

श्रीगजाननाचे पायी मस्तक ठेवोन, आणि ग्रीसाचे हात सदऱ्यास पुसोन, जैसे घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, चैत्रमासी आम्ही दीड एकर पेरूबागेचे राज्य करीत असता पदरी एक लहान ट्रॅक्टर होता. उमर तीस वर्षे. स्टिअरिंग ऐसे ढिले की अर्धा फेरा फिरवावे तेव्हा पुढील चाकांस खबर पोहोचावी. आम्ही म्हणत असू, "हाताला सवय आहे." मग एके सकाळी आमचे कुटुंब कुमुदिनीबाईसाहेब झाडास आळे करीत बैसल्या होत्या, आणि आम्ही डावीकडे वळविले, आणि ट्रॅक्टर सरळच चालिला, आणि बाईसाहेब उठोन पळाल्या म्हणोन वाचल्या. पेरूचे झाड आडवे जाहले. बाईसाहेब बोलिल्या, "हे नीट होईपर्यंत मी बागेत पाऊल टाकणार नाही." आम्ही म्हणालो, "अहो, ब्रेक लावतच होतो." हे खोटे.

मग आम्ही जातीने मोहीम मांडिली, आणि स्टिअरिंगचा गिअरबॉक्स उतरविला, आणि दाते पुसले, आणि नट आवळिले, आणि तीन दिवसांनी जोडोन पाहता ढिलाई तैशीच, वर हॉर्न बंद पडला. मग नाक मुठीत धरोन दस्तगीर मिस्त्रींस पाचारण केले. मिस्त्री पुढील चाकापाशी उताणे निजले आणि म्हणाले, "साहेब, वर बसून स्टिअरिंग हलवा." आम्ही हलविले. मिस्त्री खालोन म्हणाले, "दुरुस्त करताना तुम्ही हलवत होता तेव्हा खाली कोण बघत होतं?"

"कोणीच नाही."

"मग तीन दिवस काय केलंत?"

आम्ही उतरोन खाली वाकोन पाहिले. चाकास ओढणाऱ्या दांड्याचे टोकाचा गोळा झिजोन वाटीत खुळखुळत होता. मिस्त्रींनी ते टोक बदलिले, ग्रीस भरिले, आणि प्रहरभरात फत्ते केली.

मग आम्ही स्वयंपाकघराचे दारी जाऊन उभे राहिलो. "चुकलो. त्या दिवशी ब्रेकवर पायच नव्हता."

"ते मला तेव्हाच दिसलं," बाईसाहेब बोलिल्या. "चला. मी चालवते, तुम्ही पुढं उभे राहा."

बाईसाहेब माहेरीच ट्रॅक्टर शिकलेल्या. आम्ही ओळीत उभे राहिलो, आणि ट्रॅक्टर अंगावर येऊ लागला, आणि त्या कैशा भ्याल्या असतील ते तेव्हा उमगले, आणि डोळे मिटिले. उघडोन पाहतो तो ट्रॅक्टर चार हातांवरून सुबक वळोन गेला होता.

सारांश, झाड एक गेले, राज्य राहिले. ट्रॅक्टर बाईसाहेबांकडे गेला. आम्हांस फाटक उघडण्याची चाकरी मिळाली, ती इमाने करीत आहो.