मकबूलचाचांच्या मुंग्या

माणसांनी आपल्या घरात परत कधी जायचं, हे मुंग्यांना विचारून ठरवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. त्याच्या पायी बायको-लेकरासकट पाच दिवस जास्तीचे उघड्या माळावर काढलेत. त्याची चीड इतक्या वर्षांनीही माझ्या अंगातून पुरती गेलेली नाही.

मकबूलचाचा आमच्या गल्लीतले अत्तारवाले. गंगावेशीजवळ एवढंसं दुकान, भिंतीला फळ्या, फळ्यांवर कुप्या, आणि एकाही कुपीवर चिठ्ठी नाही. मी पडलो शाळामास्तर, मला ते बघवायचं नाही. "चाचा, नावं तरी लिहून ठेवा," म्हटलं की ते नाकावर बोट ठेवायचे. "मास्तर, चिठ्ठी आंधळ्याला लागती. हे कशाला दिलंय मग खुदानं?" आंधळा चिठ्ठी वाचणार कशी, हे विचारायची सोय नव्हती.

पहिल्या प्लेगात त्यांची बायको आमिना गेली. त्यानंतर चाचा दुकान दुपारीच बंद करायला लागले आणि घरं धुण्याच्या सरकारी कामाला लागले. ज्या घरात उंदीर मरून पडले किंवा माणूस दगावलं, ते घर रिकामं करायचं, गंधकाची धुरी द्यायची, कार्बोलिकच्या पाण्यानं धुवायचं, चुना मारायचा आणि कुलूप ठोकायचं. किल्ली चाचांच्या कंबरेला. घरातली माणसं तोवर गावाबाहेर टेंबलाईच्या माळावर झोपड्यांत.

या कामात चाचांनी गल्लीला नुसतं छळलं. आधी साध्या पाण्यानं भुई घासून घ्यायची, मगच औषध. "घाणीवर ओतलं तर घाण न्हाती की वो, घर न्हाय न्हात!" औषध लावलं की तोंडात पान टाकायचं आणि ते चघळून संपेपर्यंत भिंत ओली राहिली पाहिजे. कुणी मध्येच फडकं मारलं की चाचा पुन्हा ओतणार आणि नवं पान लावणार. माझ्या सासूबाईंनी तीनदा फडकं मारलं. त्या दिवशी चाचांनी चार पानं खाल्ली आणि जाताना म्हणाले, "आजी, माझे दात तरी बघा."

तालमीतल्या एका पैलवानानं त्यांच्या बाटलीतलं औषध चोरून, पाणी न घालता, तेलासारखं अंगाला चोळलं. जितकं जहाल तितका प्लेग लांब, असा त्याचा हिशेब. कातडी पांढरी पडून सोलली. चाचा भर तालमीत त्याच्यावर ओरडत होते आणि ओरडता ओरडता त्याच्या पाठीवर पाणी ओतत होते. "जे किड्याला मारतंय ते तुला काय मिठी मारंल व्हय?" त्या दिवसापासून औषधाच्या प्रत्येक बाटलीवर त्यांनी माझ्याकडून तांबड्या शाईत 'विष' लिहून घेतलं. अत्तराच्या कुप्या मात्र तशाच कोऱ्या.

आता माझं ऐका. माझ्या माजघरात उंदीर पडले तेव्हा माझी मुलगी वीस दिवसांची होती. आम्ही माळावर आलो. थंडी अशी, की बायको रात्रभर लेकराला पोटाशी धरून बसायची, आणि लेकरू खोकायला लागलेलं. घर धुऊन झालं, चुना वाळला, शेजारी आपापल्या घरी परतले. मी किल्ली मागायला गेलो तर चाचा माझ्या उंबऱ्यात उकिडवे बसून माजघरात ठेवलेल्या गुळाच्या खड्याकडे बघत होते.

"मुंगी आल्याबिगर किल्ली न्हाय," ते म्हणाले. "औषधाची वाफ असली की मुंगी फिरकत न्हाय. बाळंतीण आन् लेकरू हाय तुमचं."

"थोरामोठ्यांना विचारा, डॉक्टरला विचारा. मुंगीला काय विचारताय?"

"तुमी आत जाऊन या. वास येतोय का सांगा."

मी आत गेलो. दारं-खिडक्या लावलेल्या, नाक झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. बाहेर येऊन मी सांगितलं, "अजिबात नाही." माझं लेकरू थंडीत होतं हो. चाचांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गुळाकडे बघितलं आणि नाही अशी मान हलवली.

असे पाच दिवस. शेवटी माझं डोकं फिरलं. मी प्लेगच्या बंदोबस्तावरच्या साहेबांकडे अर्ज केला. मुंग्यांच्या हुकमानं रयतेची घरं अडवणारा इसम, असं माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. साहेबांनी चाचांना सगळ्यांदेखत झापलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

त्याच संध्याकाळी आम्ही घरात शिरलो. थंडी आत येऊ नये म्हणून मी दारं घट्ट लावून घेतली आणि शेगडी पेटवली. घटकाभरात लेकराचा श्वास घरघरायला लागला. ओठ काळपट दिसू लागले आणि बायकोनं हंबरडा फोडला. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. चाचा पायरीवरच बसून होते. त्यांनी लेकरू शालीत घेतलं, आम्हाला बाहेर ओढलं आणि तडक आपल्या घरी नेलं. पोरगी मोकळ्या हवेत रडली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सहा दिवस त्यांच्या घरी आम्ही राहिलो. सातव्या दिवशी चाचा सांगत आले, "आल्या. रांग लागलीया." मग आम्ही घरी गेलो.

प्लेगापायी लांबलेल्या बारशाला चाचा अत्तर घेऊन आले. फाया माझ्या कानात ठेवला आणि हळूच विचारलं, "मास्तर, हिनाच हाय न्हवं?"

मोगरा होता. थट्टा समजून मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी दुसरी कुपी काढली. "आन् ह्यो?"

मला तेव्हा कुठं उमगलं. मी त्यांना ओसरीच्या टोकाला नेलं. वर्ष झालं म्हणाले. आधी कार्बोलिकचा वास कमी वाटायला लागला, सवय झाली असं वाटलं. मग एक दिवस गुलाबही कळेना. फळीवरच्या जागा पाठ होत्या म्हणून दुकान चाललं, पण दुकानाला चुना मारताना कुप्या हलवल्या आणि जागांचा सगळा घोळ झाला.

मी भडकलो. "धुरी देताना सगळ्यांच्या तोंडाला ओलं फडकं बांधता. स्वतःच्या का नाही बांधलं?"

"तोंड बांधलं तर मिसळण बराबर झालं का न्हाय, कसं कळायचं?" चाचा म्हणाले. अत्तारवाला माणूस. विषसुद्धा नाकानंच मोजत होता.

आणि अशा माणसावर मी अर्ज केला होता. ज्याला वास येत नाही त्याला तोंडावर खोटं सांगितलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली, की बारशाच्या पानावरून मी तसाच उठलो.

पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर मी दऊत आणि कागद घेऊन दुकानात गेलो. मी एकेक कुपी हुंगायची, ओळखता आलं नाही तर वर्णन करायचं, त्यांनी नाव सांगायचं, मी चिठ्ठी डकवायची. असं तिन्हीसांजेपर्यंत चाललं. शेवटी वरच्या फळीवरची एक बारकी कुपी उरली.

"ही तिनं घोटलेली," चाचा म्हणाले. "विकायची न्हाय. येतोय का वास?"

मी बूच काढलं. तळाशी नुसता तपकिरी डाग होता. कुपी केव्हाच सुकली होती.

"येतोय," मी म्हणालो.

चाचांनी कुपी घेतली, नाकाला लावली आणि तोंडात पान टाकलं. ते चघळून संपेपर्यंत त्यांनी कुपी खाली घेतली नाही. मग ती माझ्यापुढं ठेवली.

"लिव्हा," म्हणाले, "आमिना."

मी लिहिलं.