काळकड्यावर नेलेल्या हलक्या माथ्याची हकीकत

श्री उजेडास नमन, आणि उजेडास पोटी धरून बसणाऱ्या अंधारासही नमन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सर, वैशाख मासी एका राज्यात जे अद्भुत वर्तले ते वर्तले तैसे लिहिले असे.

राज्याचे उत्तरेस काळकडा म्हणोन उभा कडा होता आणि कड्याचे पोटात एक लेणे होते. लेण्याचे छतावर पूर्वजांनी थोर रंगकाम केले ऐसे सर्व ऐकून होते, परंतु ते पाहिलेला मनुष्य राज्यात नव्हता. कारण आत काळोख दाट, आणि दिव्याच्या धुराने व तापाने रंग करपतो म्हणोन आत दिवा नेण्यास पूर्वापार मनाई होती. त्या साली कड्यास मोठी भेग गेली आणि जाणत्यांनी पाहून हुजूर अर्ज केला की, हा पावसाळा कडा काढीत नाही, लेणे दरीत जाणार. महाराजांचे चित्तास बहुत खेद जाहला आणि त्यांनी दर्याबाई छबीनवीस यांस बोलावून पुसिले, "बाई, जाणारे लेणे आम्हांस थांबविता येत नाही. निदान त्याची छबी तरी राहील काय?" दर्याबाई म्हणजे राज्याच्या छबी काढीत डोंगरदऱ्या हिंडून केस पिकलेली बाई, बोलणे थोडे, नजर करडी. त्यांनी मुजरा केला आणि म्हटले, "महाराज, अगदी काळोख असा कुठेच नसतो. लेण्याच्या तोंडातून उजेड थेंबथेंब आत येतच असतो. आपला डोळा तो साठवीत नाही, छबी काढण्याचे यंत्र साठविते. मात्र तोवर यंत्र केसभरही हलता कामा नये."

तेव्हा विसाजीपंत कारभारी यांनी जामदारखान्यातून थोर पितळी माथा काढविला. माथा म्हणजे तिवईचे तीन पायांवर आणि यंत्राचे खाली जो भाग बसतो, ज्यावर यंत्र वळते, वाकते आणि आवळले म्हणजे थांबते, तो. हा माथा भोपळ्याएवढा, त्यास तीन दांड्या, आणि पंत म्हणों लागले, "राज्याचे काम आहे, माथा राज्याच्या इभ्रतीस शोभेल ऐसाच पाहिजे." दर्याबाईंनी तो उचलिला मात्र, आणि उजवे खांद्यात कळ आली. मागे एका घाटात ओझ्याने तोल जाऊन तो खांदा निखळला होता, आणि दगडावर आपटल्याचा तो आवाज त्यांस अजून आठवे. त्यांनी गोंदजी नाईक, जे कडे चढणाऱ्यांचे म्होरके, त्यांजकडे पाहिले आणि नाईक म्हणाले, "पंत, वर जायला नुसत्या लोखंडी खुंट्या आहेत. हा भोपळा पाठीवर असला तर माणूस मागे ओढला जाईल, आणि मागे तर दरी आहे." पंतांनी माथा जामदारखान्यात परत धाडिला, परंतु मनातून मानले नाही.

मग बंदरावरून दाऊदभाई सौदागर आले आणि त्यांनी पेटी उघडून एक इवलासा माथा तळहातावर ठेविला, चिमणीचे अंड्याएवढी गोळी आणि त्यावर पट्टी, आणि म्हणाले, "बाईसाहेब, खिशात टाका नि विसरून जा." दर्याबाईंस तो माथा पाहताच आवडला. खांदा आतून सांगत होता की हाच घे. त्यांनी गच्चीवर तिवई मांडली, यंत्र चढविले, दूरचे टेकडीवरील देवळाचा कळस नेमका मध्ये धरिला, माथ्याचा खुंटा आवळिला आणि हात काढून घेतला. तो कळस हळूच वर सरकू लागला. म्हणजे यंत्राचेच तोंड खाली झुकत होते, जेवणानंतर वडीलधारे बैठकीत झुकतात तैसे. त्यांनी पुन्हा आवळिला, बोटे लाल होईतो आवळिला, पुन्हा झुकले. एवढेसे झुकणे, चालवून घेऊ, ऐसे मनात आले आणि लागलीच त्या मनाची त्यांस लाज वाटली. म्हणाल्या, "दाऊदभाई, तुमची चिमणी गोड आहे, पण माझे यंत्र तिला पेलवत नाही. आणि जड माथ्याने मी पडले तर एक बाई जाईल, हे झुकले तर सारे लेणे जाईल."

दाऊदभाई हसले नाहीत. त्यांनी पेटीचे तळातून मखमलीत गुंडाळलेला दुसरा माथा काढिला. याची गोळी थोराड, परंतु आतून कोरून पोकळ केलेली. मान बारीक, दांडी एकही नाही, बाजूस एकच मोठा खुंटा, आणि गोळीच्या कोंदणास एका अंगाने खोल खाच. त्या खाचेत मान पाडिली की यंत्र थेट आभाळाकडे तोंड करी. उचलून पाहिला तो एखाद्या पेरूइतका हलका. दर्याबाईंनी कळस पुन्हा मध्ये धरिला, खुंटा एकदाच फिरविला आणि म्हणाल्या, "चला, जेवून येऊ." महाराज, पंत, सौदागर सर्व जेवले, विडा जाहला, वारा सुटला, आणि मग गच्चीवर येऊन एकेकाने डोळा लाविला. कळस जेथे होता तेथेच. पंतांनी पुनःपुन्हा पाहिले आणि आवाज खाली आणून पुसिले, "बाई, यात काही जादू आहे का हो?" दर्याबाई म्हणाल्या, "जादू नव्हे पंत. गोळी मोठी, म्हणून पकडीला जागा पुष्कळ. आतून पोकळ, म्हणून वजन गेले." पंत म्हणाले, "मलाही वर न्या. माझे वडील त्या छताखाली उभे राहून काहीच न पाहता परतले. मरेपर्यंत त्यांना ते लागून राहिले होते."

मग तिघे कडा चढले. नाईक पुढे, मध्ये पंत धापा टाकीत, मागे दर्याबाई, आणि पाठीवर तिवई व यंत्र असूनही त्यांचा खांदा कुरकुरला नाही. लेण्यात शिरले तो स्वतःचा हात दिसेना. दर्याबाईंनी चाचपून तिवई मांडिली, मान खाचेत पाडिली, यंत्राचे तोंड छताकडे केले, खुंटा आवळिला, यंत्राचा डोळा उघडिला आणि म्हणाल्या, "आता पाऊल हलवायचे नाही." तिघे श्वास धरून बसले. किती वेळ गेला कळेना. इतक्यात वरून एक धोंडा सुटला आणि लेण्याचे तोंडावरून दरीत गेला, त्याचा आवाज खालून फार उशिरा आला. छतातून माती गळू लागली. नाईक कुजबुजले, "बाई, उठा. कडा बोलू लागला." दर्याबाई म्हणाल्या, "बोलू दे. अजून उजेड पुरता आला नाही." पंतांनी भिऊन तिवई सावरण्यास हात पुढे केला, तो दर्याबाईंनी त्यांचे मनगट धरिले आणि म्हटले, "ती उभी आहे पंत. आपण नुसते बसायचे." वारा आत शिरून घुमला, पंतांचे पागोटे उडाले, परंतु माथ्याने यंत्र जे धरिले ते धरिले.

शेवटी यंत्राचा डोळा मिटला आणि त्याचे पाठीवरील काचेवर छबी उमटली, आणि तिघे तिजवर वाकले. छतावर देव नव्हते, राजे नव्हते, लढाया नव्हत्या. मध्ये निळेभोर गोल आभाळ, त्यात पोपटांचा थवा, आणि आभाळाचे भोवती कठड्यावरून वाकलेली माणसे. बायका, म्हातारे, कडेवरची पोरे, आणि सारी खाली पाहात होती. पाहणारा जणू विहिरीचे तळाशी उभा आहे आणि सारा गाव काठावरून त्यास पाहतो आहे, ऐसे पूर्वजांनी रंगविले होते. एक बाई तर दोर खाली सोडीत होती, आणि तिच्या मुखावर घाई होती, आणि माया होती. पंतांनी मान वर केली. वर पहिल्यासारखाच काळोख. ते म्हणाले, "म्हणजे वडील उभे होते तेव्हाही ही सगळी त्यांच्याकडे बघत होती," आणि लहान मुलासारखे रडले. दर्याबाईंनी काळोखास हात जोडिले आणि तिघे उतरले.

आषाढात कडा कोसळला, तो आवाज राजधानीत ऐकू आला. मग महाराजांचे आज्ञेने ती छबी थोर कापडावर उतरवून दरबाराचे छतास ताणली आणि रयतेस मुक्तद्वार जाहले. परंतु उभ्याने पाहता मान अवघडे, म्हणोन महाराज खासे गादीवरून उतरले आणि जमिनीस पाठ टेकून निजले, आणि त्यांचे एका अंगास कोळीण निजली, दुसरे अंगास विणकर निजला, आणि पाहता पाहता दरबार माणसांनी भरला, कोणी कोणास सरक म्हणेना. दर्याबाई दाराशी उभ्या होत्या. तेव्हा आंधळेपणाकडे झुकलेल्या एका म्हातारीने पडल्या पडल्या दोन्ही हात वर केले आणि शेजारणीस म्हटले, "अगो, दोर सोडलाय तिने. धर की." आणि शेजारणीनेही हात वर केला.

एवढे वर्तमान घडले. कडा गेला, लेणे गेले, रंग मातीस मिळाले. एक हलका माथा क्षणभरही न ढळता उभा राहिला, म्हणोन राज्यास आपल्या पूर्वजांची नजर लाभली. लेखनसीमा.