मंदाची जोड

कुस्त्यांच्या दंगलीच्या कमिटीनं किसन उस्तादांना फसवलं. सौदा मी ठरवला होता, म्हणजे मलाही फसवलं. पण माझं सोडा. मी भंगाराचा व्यापारी, माझी कातडी जाड आहे.

उस्ताद आमच्याच गल्लीत राहतात, कुस्तीचा आखाडा चालवतात. माणसं त्यांना नावानं आठवत नाहीत, वजनानं आठवतात. मनगट धरायचं, डोळे मिटायचे, आकडा सांगायचा. मी ‘ब्याऐंशी’. माझी बायको ‘एकाहत्तर’. त्यानंतर वर्षभर तिनं त्यांना चहा विचारला नाही. एका लग्नात नवरदेवाचं मनगट धरून त्यांनी भर मांडवात मुलीच्या बापाला सांगितलं, “याले आधी दूध पाजा, मंग अक्षता टाका.”

स्वतःचं मूलबाळ नाही. भावामागं त्याची पोर मंदा सांभाळली आणि आखाड्यात पोरांबरोबर खेळवली. परदेशात तरुण पोरींच्याही गादीवर कुस्त्या होतात, देशोदेशीच्या पोरी येतात, हे त्यांनी रेडिओवर ऐकलं आणि गल्लीला वीट आणला. “आपली सत्तेचाळीस तिथं जाते, पाहजो तू.” पण जायचं तर तिच्या नावावर चारचौघांत जिंकलेली एक तरी कुस्ती हवी. पोरीशी लढायला कोण येणार?

नागपंचमीच्या दंगलीला कमिटीला उस्तादांच्या आखाड्याची माती हवी होती. तेल, ताक, हळद घालून वर्षानुवर्षं मुरवलेली माती. उस्ताद फुकट देत होते, मी अडवलं. अध्यक्षांना म्हटलं, मंदाला जोड आणा, मगच माती. इंदूरची मुलगी आणतो, असं त्यांनी मारुतीसमोर कबूल केलं. माती गेली.

दंगलीत मंदा जोड मागत, हात वर करून मैदानाला फेऱ्या मारत राहिली. इंदूरची मुलगी आलीच नव्हती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं, हे नंतर कळलं. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच्या बायकोला पुढं केलं आणि बनियन-चड्डीतल्या त्या पोरीची भर मैदानात खणानारळानं ओटी भरवली. माईकवर म्हणाले, भगिनीचा सत्कार. लोक पोट धरून हसले. मला मान वर करवेना.

तेवढ्यात उस्तादांनी सदरा काढला. दुखरा गुडघा ओढत मैदानात उतरले आणि मंदाचा वर केलेला हात धरला. ती पाया पडायला वाकली.

“पाया घरी पड वं. इथं मी तुही जोड आहो. इमानदारीनं पाड.”

तिनं इमानदारीनं पाडलं. ढाक डाव मारला आणि उस्ताद चित. ती रडत उचलायला गेली तर ते उठेनात. पंचानं शिट्टी वाजवावी म्हणून पाठ मातीलाच ठेवून पडून राहिले. पंच अध्यक्षांचा मेहुणा. तो अध्यक्षांकडे पाहत उभा.

“पडलो ना गा मी,” उस्ताद खालून म्हणाले. “सांग ना लोकायले.”

माईकवरून सांगितलं गेलं, की काका-पुतणीचा घरगुती खेळ, कुस्ती धरली नाही. पुढची जोड पुकारली.

आता उस्ताद कुणाचं मनगट धरत नाहीत. परवा मला म्हणाले, “पोरीले चारचौघांत नेऊन मीच तिचं हसं केलं.” लाज त्यांना वाटते आहे, हे मला सहन होत नाही.

अध्यक्षसाहेब, पाठ मातीला लागली की नाही? हजार माणसांनी पाहिली. शिट्टी का वाजली नाही? माईक अजून तुमच्याकडेच आहे. ज्या तोंडानं सत्कार पुकारलात, त्याच तोंडानं मंदा जिंकली म्हणून सांगा.